पालथा दगड

मित्रांनो, मी एक जुना काळा दगड आहे. ठाण्याच्या ज्यू कब्रस्तानात, फाटकाजवळच्या नळाखाली, मी साठ वर्षं पालथा पडून होतो. कब्रस्तानातून बाहेर पडताना हात धुवायची इथल्या लोकांची रीत आहे. माझ्या पाठीवर उभे राहून ते हात धुवायचे आणि निघून जायचे. माझं तोंड खाली चिखलात होतं आणि त्या तोंडावर एका बाईचं नाव कोरलेलं होतं. ही गोष्ट माझ्याशिवाय कुणालाच ठाऊक नव्हती.

तुम्ही म्हणाल, दगड तो दगड, त्याला कसलं आलंय मन. मीही तरुणपणी असंच म्हणायचो. माझा जन्म पारसिकच्या डोंगरातल्या खाणीत झाला. तिथून बैलगाडीत बसून मी कल्याणला दगडू पाथरवटाच्या दारात येऊन पडलो. दगडूचा हात नावाजलेला होता. जाती, पाटे, वरवंटे, उखळं घडवावीत तर त्यानेच. कल्याणच्या बाजारात पाटा विकत घेताना बाया आधी विचारायच्या, दगडूचा आहे का? माझ्याबरोबर आलेले माझे भाऊबंद असेच पाटे-वरवंटे होऊन कल्याण-डोंबिवलीच्या स्वयंपाकघरांत नांदायला गेले. मी रुंद आणि सपाट होतो, म्हणून मागे राहिलो. दगडू येता-जाता माझ्यावर हात फिरवायचा आणि म्हणायचा, "तुझं काम वेगळं आहे, थांब." मला भारी अभिमान वाटायचा. आपण कुणा देवळाची पायरी होणार असं मी धरून चाललो होतो.

एके दिवशी ठाण्याहून दोन माणसं आली. एक होते सिनेगॉगमध्ये प्रार्थना सांगणारे हजान. दुसरा एक तिशीतला माणूस होता, डोळे सुजलेला. त्याची आई, लेआबाई, काही महिन्यांपूर्वी वारली होती. तिच्या कबरीवर उभा करायला दगड हवा होता.

लेआबाई नर्स होती. पण दवाखान्यातल्या कामापेक्षा दवाखाना सुटल्यावरच्या कामामुळे लोक तिला ओळखायचे. कोपरीच्या खाडीकाठी तेव्हा मिठागरं होती. तिथे राबणाऱ्या बायांना अडल्यावेळी कोण विचारणार? लेआबाई पिशवी काखोटीला मारून, साडी खोचून, मिठागरांच्या चिखलातल्या बांधावरून चालत जायची आणि बाळंतपण करून परत यायची. बदल्यात ती फक्त एक मूठ मीठ घ्यायची. शुक्रवारी संध्याकाळी शब्बाथ, म्हणजे शनिवारचा विसाव्याचा दिवस, लागला की पावाला मीठ लावून खायचं असतं, तेवढ्यासाठी. हे सगळं तिचा मुलगा दगडूला सांगत होता आणि सांगता सांगता रडत होता. मी बाजूलाच उभा होतो. त्या दिवशी माझ्या डोक्यातून देवळाची पायरी कायमची गेली. या बाईचं नाव आपल्या अंगावर यावं, असं मला मनापासून वाटलं.

आता चूक कशी झाली ते ऐका. दगडूला मराठी अक्षरं कोरायची सवय होती, हिब्रू त्याने आयुष्यात पाहिली नव्हती. त्याची पद्धत अशी, की गिऱ्हाइकाने दिलेला कागद तेलात भिजवायचा. कागद आरपार दिसायला लागला की तो दगडावर चिकटवायचा आणि रेघेवरून छिन्नीचे बारीक घाव घालत जायचं. हजानांनी कागदावर नाव लिहून दिलं. तीनच अक्षरं, लामेद, आलेफ, हे. झालं लेआ. वर त्यांनी सिनेगॉगच्या दिव्यातलं थोडं खोबरेल तेलही दिलं आणि हसून म्हणाले, "तेल आमच्याच घरचं घ्या. कोकणात आमचे वाडवडील घाणा चालवायचे. शनिवारी तेवढा बंद ठेवायचे, म्हणून आम्हाला शनवार तेली म्हणायचे."

मित्रांनो, त्या तेलानेच घात केला. भिजलेला कागद दोन्हीकडून सारखाच दिसायला लागला आणि दगडूने तो उलट्या बाजूने चिकटवला. मराठी असतं तर त्याला पहिल्याच अक्षराला कळलं असतं. इथे त्याला ना आगा माहीत ना पिछा. चार दिवस श्वास रोखून त्याने ती तीन अक्षरं कोरली. तितकं नाजूक काम त्याने आधी कधी केलं नव्हतं. खालची मराठीची जागा त्याने कोरी ठेवली, कारण आईबद्दल काय लिहावं हे मुलाचं अजून ठरत नव्हतं.

दगड बसवायच्या दिवशी मला ठाण्यात आणलं. बरीच माणसं जमली होती. लेआबाईच्या उशाला दगडूने आधीच माझ्या मापाची खाच असलेला चौथरा बांधून ठेवला होता. मला त्या खाचेत उतरवणार, तेवढ्यात हजान वाकले, चष्मा सावरला आणि म्हणाले, "अरे, हे तर उलटं झालं."

आरशात दिसावं तसं नाव उलटं होतं. कुणी दगडूला बोललं नाही. त्यानेच आपल्या थोबाडीत मारून घेतली. तो म्हणाला, "आठ दिवस द्या. दुसरा करून आणतो." पण मुलाजवळ आठ दिवस नव्हते. दुसऱ्या दिवशी त्याची इस्रायलला जाणारी बोट होती. बायको-पोरं, सामानसुमान सगळं बंदरावर पोचलं होतं. तो म्हणाला, "दगडूभाऊ, मनाला लावून घेऊ नका. तिकडे पोचलो की हिब्रू आणि मराठी दोन्ही नीट लिहून पाठवतो. मग सगळं एकदमच नवीन करा."

मग माझं काय करायचं? हजानांनी मला नळाखाली टाकायला सांगितलं, तिथे फार चिखल व्हायचा. ते म्हणाले, "पण तोंड खाली करा. उलटी असली तरी अक्षरं आहेत. त्यांना पाय लागायला नको."

असा मी पालथा झालो.

दगडू दरवर्षी कल्याणहून यायचा. माझ्या पाठीवर उभा राहून राखणदाराला विचारायचा, "चिठ्ठी आली का?" राखणदार नाही म्हणायचा. दगडू थोडा वेळ तसाच थांबायचा आणि माझ्यावर पाय घासून परत जायचा. सात वर्षं तो आला. आठव्या वर्षी आला नाही. हजानही आपल्या मुलांकडे इस्रायलला निघून गेले. कब्रस्तानाच्या जुन्या वह्यांना वाळवी लागली. लेआबाई नावाची कुणी इथे झोपली आहे हे सांगणारं माणूस उरलं नाही, कागदही उरला नाही. उरलो मी एकटा आणि मला तोंड असून नसल्यासारखं.

एकटेपण म्हणजे काय हे तुम्ही मला विचारा. नळासमोरच्याच ओळीत एक सुबेदार झोपले आहेत. ते पहिल्या महायुद्धात मेसोपोटेमियापर्यंत जाऊन आले होते. त्यांच्या दगडावर लोक आठवणीने छोटे खडे ठेवून जातात. पलीकडे कल्याणच्या शाळेचे एक हेडमास्तर आहेत, एक रेल्वेचे गार्ड आहेत, एक डॉक्टर आहेत. त्यांच्याही दगडांवर खडे दिसायचे म्हणे. मी कुठे बघायला गेलो होतो! मी आपला तळवे ओळखायचो. चप्पल, बूट, अनवाणी पाय, लहान मुलांचे उड्या मारणारे पाय. दगडावर दगड ठेवून माणूस माणसाची आठवण काढतो आणि आपल्या वाट्याला मात्र नुसते पाय, याचं मला फार वाईट वाटायचं. पुढे पुढे पायही कमी झाले. महिना महिना कुणी यायचं नाही. नळाचा थेंब तेवढा पडत राहायचा, आणि मी ते थेंब मोजत बसायचो.

नेमाने येणारी दोनच माणसं होती. एक शिमशोनकाका. उतारवयात ठाण्यात येऊन टेंभी नाक्याजवळ राहिलेले, निवृत्त शिक्षक, ऐंशीला टेकलेले. दर रविवारी येऊन ते गवत काढायचे, दगड पुसायचे. अलीकडे त्यांनी एक काम अंगावर घेतलं होतं. फाटकाशी एक पाटी लावायची, 'येथे विसावलेले मान्यवर'. दगडांवरची नावं वाचून ते यादी करत होते. सुबेदार, हेडमास्तर, गार्ड, डॉक्टर अशी दहा नावं झाली होती. माझ्या पाठीवर उभे राहून ते ती मोठ्याने वाचायचे आणि मी खालून ओरडायचो, काका, अकरावं राहिलं! पण दगडाचं ओरडणं कुणाला ऐकू जातं?

दुसरी बायजा. कोपरीची म्हातारी, अनवाणी यायची. वर्षातून एकदाच, होळीनंतरच्या पहिल्या रविवारी. पदरात मिठाची पुडी असायची. कोपरीची मिठागरं कधीच बुजली, तिथे आता उंच इमारती आहेत. बायजा दुकानातलं मीठ आणायची. आणि दरवर्षी काकांशी तिचं तेच बोलणं व्हायचं.

"मास्तर, लयाबाय कुठं निजलीय?"

"अहो बाई, मागच्या वर्षीही सांगितलं. लयाबाय असं नाव आमच्यात नसतं. तुम्ही चुकीच्या ठिकाणी येता."

"चुकीच्या कशी? माजी आय सांगायची, मी पायाळू होतू. लयाबाय आली नसती तं आय नि मी दोघीपन ग्येलो असतू. ती तुमच्यातलीच व्हती. आयनं मरताना माजेकडून कबूल करून घेतलंय, लयाबायचं मीठ चुकवू नको म्हनून."

काका सुस्कारा टाकायचे. बायजा मग ते मीठ नळाशेजारी भिंतीवर ठेवायची आणि माझ्यावर उभी राहून हात धुवायची. लेआचं लयाबाय कोपरीच्या बायांनी केलं होतं. ती लेआबाईला शोधत यायची, लेआबाईच्या नावावर उभी राहायची आणि नाव न सापडल्याने परत जायची. पंधरा वर्षं मी हे सहन केलं, मित्रांनो. दगड म्हणून निभावलो, दुसरा कुणी असता तर फुटला असता.

फुटायची पाळीही आली. यंदा होळीनंतरच्या शुक्रवारी सूरज नावाचा एक ठेकेदार आला. वाटेवर पेव्हर ब्लॉक बसवायचे होते. त्याने बुटाच्या टाचेने माझ्यावर ठोकून पाहिलं.

"काका, हा दगड लेव्हलमध्ये बसत नाय. तोडून खाली भरावात टाकतो. उद्या सकाळी आलो की पहिला हाच."

"उद्या शनिवार आहे. आमचं फाटक उघडत नाही," काका म्हणाले.

"बरं, मग संडेला."

असा मला एक दिवस मिळाला. सगळ्या शनिवारांमध्ये तो शनिवार लांब होता. बाहेर रस्त्यावर गाड्यांचे भोंगे वाजत होते आणि आत एकही पाऊल नव्हतं. भरावात जाण्याचं दुःख मला नव्हतं. खाणीतून आलो, खड्ड्यात गेलो, दगडाचं आयुष्य एवढंच. पण माझ्याबरोबर लेआबाई दुसऱ्यांदा पुरली जाणार होती, आणि या वेळी वरून सिमेंट पडणार होतं. मुलाने पाठवतो म्हटलेल्या चिठ्ठीची मी साठ वर्षं वाट पाहिली होती. त्या दिवशी मी आशा सोडली.

रविवारी सूरजने पहार घातली. मी हललो, सुटलो आणि उताणा झालो. साठ वर्षांनी माझ्या तोंडावर ऊन पडलं. आभाळ एवढं मोठं असतं हे मी विसरलो होतो.

"काका, इकडे या. ह्याच्यावर काय तरी खोदलंय."

शिमशोनकाका धावत आले. चिखल लागलेल्या खाचांवर त्यांनी रुमाल फिरवला. त्यांचा श्वास मला जाणवत होता. वाचा, काका, वाचा, असं मी मनात घोकत होतो. काकांनी एकदा उजवीकडून पाहिलं, एकदा डावीकडून पाहिलं.

"आधी वाटलं हिब्रू आहे," ते हळूच म्हणाले, "पण नाही. अशी अक्षरं नसतात. कुणी पोरासोरांनी छिन्नी चालवलेली दिसते."

"मग तोडू?"

काकांनी रुमाल झटकून खिशात घातला. मग म्हणाले, "तोड."

सूरजच्या माणसांनी मला ओढत वाटेच्या कडेला नेलं आणि सूरजने घण उचलला. पहिल्या घावात माझा डावा कोपरा उडाला. दुसऱ्यासाठी त्याने हात वर नेला, तेवढ्यात फाटकाकडून आवाज आला, "मास्तर, मी हात कुठं धुवू?"

बायजा होती. आत एक फेरी मारून, मीठ भिंतीवर ठेवून ती नेहमीसारखी नळापाशी आली होती. नळाखाली मी नव्हतो. माझ्या जागी चौकोनी ओला चिखल होता आणि त्याच्या कडेला ती एक पाय उचलून उभी होती.

"या ना आजी, पाय ठेवा. काय होत नाय, नुसता चिखल आहे," सूरज म्हणाला.

"कसा ठिवू रे बाबा? इथं लिवलंय."

"काय लिहिलंय?"

"मना काय वाचता येतंय? पन लिवलेलं कलतं. लिवलेल्यावर पाय कसा देऊ?"

काका वैतागूनच उठले. नळापाशी जाऊन वाकले आणि वाकलेलेच राहिले.

मित्रांनो, साठ वर्षं माझं तोंड त्या मातीवर दाबलेलं होतं. साठ वर्षं माणसांनी वरून भार दिला होता. माझ्या खाचांत माती शिरून घट्ट बसली होती आणि मला उचलल्यावर ती तिथेच उठून राहिली होती. माझ्यावर नाव उलटं होतं, म्हणून मातीत ते सुलटं उमटलं होतं. दगडूची चूक चिखलाने दुरुस्त करून ठेवली होती.

"लामेद," काका म्हणाले. "आलेफ. हे." मग नळाचा एक थेंब पडला आणि शेवटच्या अक्षराचा पाय विरघळला. काका ओरडले, "अरे सूरज, नळ! नळ बांध आधी!"

सूरजने घण टाकला, डोक्याचा रुमाल सोडला आणि नळाच्या तोंडाला करकचून बांधला. मग खिशातून मोबाइल काढून त्याने पटापट फोटो घेतले.

"काय लिवलंय, मास्तर?" बायजाने विचारलं.

"लेआ," काका म्हणाले. "कुणीतरी लेआबाई..."

त्यांनी बायजाकडे पाहिलं. बायजाने दोन्ही हात तोंडावर धरले होते.

"लयाबाय," ती म्हणाली. "तीच ती. मी नवतं सांगत?"

पंधरा वर्षं 'असं नाव आमच्यात नसतं' म्हणणारे काका त्या म्हातारीपुढे हात जोडून उभे राहिले. "बाई, चुकलो," ते म्हणाले. बायजा म्हणाली, "तुमी कशाला चुकाल, आमचीच जीभ वाकडी." आणि दोघंही रडायला लागले.

पुढचं काम अर्ध्या तासाचं होतं. सुबेदारांच्या शेजारी एक चौथरा साठ वर्षं रिकामा होता, हे काकांना माहीत होतं. दगड चोरीला गेला असेल असं त्यांना वाटायचं. सूरजने आणि त्याच्या माणसांनी मला उचललं आणि चौथऱ्याच्या खाचेत उतरवलं. मी बरोबर बसलो. दगडूचं माप कधी चुकत नसे.

सूरज जरा मागे सरून बघत म्हणाला, "काका, पण हे उलटंच आहे ना? लोक हसतील. मी नवीन ग्रॅनाइट आणून देतो, आता मशीनवर मस्त कोरतात. हा ठेवू साइडला."

माझा जीव पुन्हा टांगणीला लागला. काकांनी माझ्या उडालेल्या कोपऱ्यावर हात ठेवला.

"नको," ते म्हणाले. "आपल्या बाजूने उलटं दिसतं. तिच्या बाजूने सुलटंच आहे."

खालच्या कोऱ्या जागेवर मराठीत काय लिहायचं, हे काकांनी बायजालाच विचारलं. ती म्हणाली, "लयाबाय लिवा. आनखी काय?" तेवढंच लिहिलं आहे. फाटकाजवळच्या पाटीवर आता अकरा नावं आहेत. बायजाने त्या दिवशी भिंतीवरची पुडी परत उचलली आणि मूठभर मीठ माझ्या डोक्यावर ठेवलं. त्यातलं थोडं ओघळून अक्षरांच्या खाचांत बसलं आणि उलटं का होईना, नाव लांबूनसुद्धा पांढरं दिसायला लागलं.

आता नळापाशी पेव्हर ब्लॉक आहेत. चिखलातलं नाव त्यांच्याखाली गेलं. माझ्याकडे अजूनही फारसं कुणी येत नाही. लेआबाईच्या माणसांना मी सापडल्याचं कळलंय की नाही, कोण जाणे. एकटा मी आजही आहे, पण आता उभा आहे. मित्रांनो, तुमच्या गावातही असं एखादं जुनं कब्रस्तान, एखादी दुर्लक्षित समाधी, पायरीत गेलेला एखादा दगड असेल. त्यावर पाय देण्याआधी एकदा वाकून बघा. वाचता आलं नाही तरी चालेल. बायजाला तरी कुठे येत होतं?

फक्त एक रुखरुख राहिली आहे. दगडू पाथरवट आता हयात नसेल. नाहीतर एकदा त्याने यावं, नेहमीसारखं विचारावं, "चिठ्ठी आली का?" आणि मी त्याला सांगावं, आली रे, दगडू. उशिरा आली, चिखलावर लिहून आली, पण सुलट्या अक्षरात आली.